बनसोडेबाईंच्या कार्डांमागचे अंगठे

बनसोडेबाईंना तुम्ही एखादा नवा शब्द सांगितलात तर त्या अर्थ विचारत नसत. पेनचं टोपण काढायच्या, कोरं कार्ड गुडघ्यावर धरायच्या आणि विचारायच्या, "कुणी सांगितला?" तुम्ही "असाच कुठंतरी ऐकला" म्हणालात की टोपण परत पेनावर. विषय संपला. मग तुम्ही कितीही गयावया करा, तो शब्द त्यांच्या लेखी जन्मलाच नव्हता.

आमची पहिली भेट या टोपणानंच संपली. मी साताऱ्याची. नव्वदचं दशक संपत आलं होतं, संगणकाची पदविका घेऊन मी सांगलीतल्या एका भाषा-संस्थेत चिकटले होते. बाईंचा बोलीभाषेचा शब्दकोश इंटरनेटवर घालायचं संस्थेनं ठरवलं आणि कार्डं आणायला मला कडेगावला धाडलं. बाई प्राथमिक शाळेतून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. पत्र्याच्या डब्यांतून रचलेली कार्डं, कपाटावर बुद्धाची छोटी मूर्ती आणि खिडकीशी एक खुर्ची, एवढीच त्यांची खोली. छाप पाडायची म्हणून मी मेढ्याकडच्या माझ्या आजोळचा एक शब्द त्यांना ऐकवला.

"कुणाचा हाय?"

"आमच्याकडं म्हणतात."

"आमच्याकडं हे काय माणसाचं नाव हाय व्हय?" बाई म्हणाल्या आणि टोपण लावून उठल्या. "अर्थ मागनं बघू, गं. आधी माणूस."

वर्गात आणि सभेत बाई पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलत. राग आला की घरचं बोलणं वर यायचं. मला त्यांचं घरचं बोलणंच जास्त ऐकायला मिळालं, यावरून काय ते समजा.

त्यांची काम करायची रीत अशी. शब्द ज्याच्या तोंडून आला त्याचं नाव, गाव आणि कामधंदा कार्डाच्या वरच्या ओळीत. त्याखाली शब्द, अर्थ आणि तो माणूस जे वाक्य बोलला ते वाक्य, जसंच्या तसं. मग आठ-पंधरा दिवसांनी बाई कार्ड घेऊन एसटीनं परत त्याच दारात जायच्या आणि ते मोठ्यानं वाचून दाखवायच्या. माणसानं मान डोलावली की कार्ड पालथं करून त्यावर सही किंवा अंगठा. शाईचा पॅड त्यांच्या पिशवीत कायम असायचा. हे होईपर्यंत त्या त्या घरात चहा घ्यायच्या नाहीत. कार्डावर नंतर एक अक्षर जरी बदललं तरी परत एसटी, परत वाचन, परत अंगठा. मी एकदा विचारलं, एवढा खटाटोप कशाला? म्हणाल्या, "त्यानं दिलेला शब्द मी मांडून ठेवला तसाच हाय का, ते त्यानंच बघायचं. मी कोण ठरवणार?"

फलटणच्या बाजूला एका मोठ्या बागायतदारांच्या घरी मी त्यांच्याबरोबर गेले होते. माणूस बोलण्यात गोड. पाण्याच्या पाळीबद्दलचे दोन झकास शब्द त्यानं दिले. वाचन झालं, सही झाली, चहा आला. मला कपबशीतून आणि बाईंना वेगळ्या कोनाड्यातून काढलेल्या, कान तुटलेल्या कपातून. बाईंनी कप हातात घेतला, नीट पाहिला आणि न पिता ओट्यावर ठेवून उठल्या. एसटी स्टँडवर येईपर्यंत मी नुसती धुमसत होते. म्हटलं, बाई, फाडून टाका ती दोन्ही कार्डं. तर त्यांनी पिशवी पोटाशी घट्ट धरली. "शब्द त्यानं दिला, कपही त्यानंच दिला. शब्द कार्डावर लिहिलाय. कप डोक्यात लिहिलाय. फाडायचं काय न्हाई." त्या माणसाचं नाव कोशात पूर्ण होतं, पुढं 'राव' लावून.

बाईंची सगळी कार्डं बघून पहिली वेबसाइट मी हातानं बांधली. एकेका अक्षराचं एकेक लांबलचक पान, आणि प्रत्येक शब्दाखाली सांगणाऱ्याचं नाव, गाव. फोनच्या लाइनवरून 'क'चं पान उघडायला घातलं की तेवढ्या वेळात बाजारात जाऊन यावं. आधी आमचा फॉन्ट उतरवून घ्यावा लागायचा, नाहीतर नुसती ठिपक्या-टोप्यांची जत्रा दिसायची. तरी लोक येत होते. आखातातून, अमेरिकेतून, पुण्या-मुंबईच्या कॉलेजांतून. पानाच्या तळाशी भेटींचा आकडा फिरायचा, आणि आमचे कार्यवाह रोज सकाळी देवाला नमस्कार करावा तसे आधी तो आकडा बघायला यायचे. बाई मात्र पानं छापून मागायच्या. टरटर वाजणाऱ्या प्रिंटरवर ती छापायची आणि बाईंनी ती गावोगाव नेऊन वाचायची. आनसाबाई नावाच्या, कडेगावजवळ भांगलणीला, म्हणजे शेतातलं तण खुरपायला, जाणाऱ्या म्हातारीला त्यांनी तिचं पान शेताच्या बांधावर बसून वाचून दाखवलं होतं. भांगलताना प्रत्येक बाईच्या वाट्याला तणाचा जो पट्टा येतो त्याला 'पात' म्हणतात, तो शब्द आनसाबाईचा. आपलं नाव अमेरिकेत वाचतात हे ऐकून ती तोंडाला पदर लावून हसली होती म्हणे.

मग गर्दी इतकी वाढली की साइट दिवसातून दोनदा बसायला लागली. कार्यवाहांनी बैठक घेतली. जुनं मोडून नवं करायचं. सगळे शब्द एका मोठ्या तक्त्यात भरायचे आणि वर शोधायची चौकट द्यायची, शब्द टाका, अर्थ घ्या. यात वाईट काही नव्हतं. मीच कित्येक दिवस त्याच्यासाठी डोकं फोडत होते. पण तक्त्यात रकाने कोणते, हे पुण्याहून आणलेल्या एका तज्ज्ञांनी ठरवलं. शब्द, व्याकरण, अर्थ, उदाहरण आणि दर्जा. दर्जा म्हणजे शब्द प्रमाण की ग्राम्य. "कोशाला शिस्त हवी," ते म्हणाले. "आणि ही नावं कसली? टेलिफोन डिरेक्टरी आहे का?" सगळे हसले. मीही हसले. ते हसू आठवलं की मला आजही स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

बाईंना त्या बैठकीला बोलावलंच नव्हतं. कोशाचे हक्क त्यांनी संस्थेला आधीच लिहून दिले होते.

हजारो शब्दांना दर्जा लावायचा कुणी? कार्यवाह म्हणाले, "प्रोग्रॅमलाच सांगा ना. ज्याच्याखाली खेड्यातल्या माणसाचं नाव आहे, तो ग्राम्य. सोपं आहे." खरंच सोपं होतं. एका दुपारी, चहाचा कप शेजारी ठेवून मी ती ओळ लिहिली. शब्दाखाली नाव दिसलं की दर्जाच्या रकान्यात 'ग्राम्य' लिही आणि नाव पुसून टाक. बिननावाचा शब्द बाईंच्या कोशात नव्हताच. चहा निवायच्या आत काम झालं. बाईंनी वीस-पंचवीस वर्षं एसट्या बदलून गोळा केलेली माणसं मी एका ओळीत पुसली, आणि त्यांची नावं जिथं होती तिथंच त्यांच्या शब्दांवर डाग दिला. वर नवी पानं चढवताना जुनी काढली, आणि जुन्या फ्लॉप्याही पुसून परत वापरल्या, कारण फ्लॉपी वाया घालवू नये अशी मला शिस्त होती. बाईंना कळवायचं माझ्या मनात आलं नाही, असं मी इतके दिवस सांगत आले. खोटं आहे ते. मनात आलं होतं. मी टाळलं.

कळवायला लागलंच नाही. साइट नवी झाल्याचं वर्तमानपत्रात वाचून बाई स्वतःच आल्या. नवं झालं म्हणजे परत वाचून दाखवायला हवं, हा त्यांचा नियम. कॉम्प्युटर काही गावोगाव नेता येत नाही, म्हणून त्यांनी माणूसच आणला होता. आनसाबाई. धुवट लुगडं नेसून, केसांना तेल लावून ती आमच्या ऑफिसच्या दारात चपला काढून उभी होती.

"दाव गं, तिचा शब्द," बाई मला म्हणाल्या.

मी काहीतरी कारण काढायला हवं होतं. लाइट गेलीय, लाइन नाही, काहीही. मी 'पात' टाकलं. क्षणात पान उघडलं. शब्द, स्त्रीलिंग, ग्राम्य, अर्थ. बाई चष्मा सावरून वाचायला लागल्या आणि मधेच थांबल्या. परत पहिल्यापासून नजर फिरवली. आनसाबाई पडद्याकडं न बघता त्यांच्या तोंडाकडं बघत होती, कारण तिला वाचता येत नव्हतं, आणि आपलं नाव कुठं यायला हवं हे मात्र ऐकून पाठ होतं.

"माजं नाव आलं न्हाई अजून," ती म्हणाली.

"न्हाई," बाई म्हणाल्या. "काढलंय."

आनसाबाईनं डोक्यावरचा पदर सावरला. मग हळूच म्हणाली, "माजं काय चुकलं व्हतं का, बाई, सांगताना?"

बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, तिला बाकावर बसवलं आणि त्या तशाच कार्यवाहांच्या खोलीत घुसल्या. मी मागं. त्या दिवशी मी बाईंचा खरा राग पाहिला. आवाज मात्र चढला नव्हता.

कार्यवाह समजुतीनं म्हणाले, "बाई, अहो, पान हलकं करायला नावं काढली. परदेशातल्या माणसाला अर्थाशी मतलब. त्याला आनसाबाई कोण, काय करायचंय?"

बाईंनी त्यांच्या टेबलावरच्या पडद्याकडं बोट केलं. प्रत्येक पानाच्या तळाशी 'संकल्पना व मार्गदर्शन' म्हणून कार्यवाहांचं संपूर्ण नाव होतं, पदवीसकट, आणि शेजारी हलत्या ज्योतीच्या समईचं चित्र.

"हे बी उतरायला येळ लागत असंल की! तुमच्या नावाचं वजन किती भरतंय आन् आनसाबाईच्या नावाचं किती? ही पोरगी सांगंल. तिला येतंय त्यातलं."

मला उत्तर पक्कं ठाऊक होतं. त्या समईच्या एका चित्रात आनसाबाईसारखी शेकडो नावं बसली असती. कार्यवाहांनी माझ्याकडं पाहिलं आणि मी मान खाली घातली. नोकरी नवी होती, घरी वडील अंथरुणावर होते, ही सगळी कारणं खरी आहेत आणि एकही पुरेसं नाही.

"आन् हे ग्राम्य कुणी लावलं?"

"ते प्रोग्रॅमनं लावलं, बाई."

"मी लावलं," मी म्हटलं. तेवढं तरी तोंडातून निघालं.

बाई माझ्याकडं वळल्या. "मी तिसरीत असताना आईच्या तोंडचा शब्द वर्गात बोलले, तर गुरुजींनी पट्टी मारली. म्हणाले, हे तुमच्या वस्तीतलं हिथं न्हाई चालायचं. त्यो शब्दाला मारत नव्हता, मला मारत होता. तूबी शब्दाला न्हाई लावलंस हे. माणसाला लावलंस."

कार्यवाहांनी हक्कांचा कागद काढून दाखवला. बाईंनी तो पूर्ण वाचला, आपली सही ओळखली, आणि कागद त्यांच्याकडं सरकवून बाहेर आल्या.

पायऱ्यांवर मी त्यांना गाठलं. आनसाबाई पुढं गेली होती. मी माफी मागायला लागले तर बाई भडकल्याच. "मला कशाला मागतीस? माझं नाव पुसलंस व्हय? ज्यांचं पुसलंस त्यांच्या दारात जा. आन् नाव निघालं, चुकून गेलं, असलं बोलायचं न्हाई. मी काढलं, म्हनायचं. मग इचारायचं, परत घालू का? हां म्हनला तर घाल. न्हाई म्हनला तर गप माघारी ये."

"एवढ्या सगळ्यांच्या दारात?"

"पुसताना मोजलं हुतंस?"

त्यानंतर माझे रविवार संपले. बाई आणि मी. डब्यातून एका गावची कार्डं काढायची आणि एसटी धरायची. वाटेत बाई माझ्याशी धड बोलत नसत. दारात गेलं की त्या बाजूला उभ्या राहायच्या आणि मला पुढं करायच्या. "हिला काय सांगायचंय तुमास्नी." बस, एवढंच. पुढचं मी.

बहुतेक लोक हसून सोडून द्यायचे, आणि त्याचा मला जास्त त्रास व्हायचा. फौजेतून निवृत्त झालेल्या एकानं तर बाईंना कडक सॅल्यूट ठोकला आणि मला म्हणाला, "नो प्रॉब्लेम, म्याडम. आपलं नाव कुटं बी नसतंय, सवय हाय." फलटणच्या दस्तगीरभाई पिंजाऱ्यानं मात्र मला सोडलं नाही. कापूस पिंजायच्या धनुकलीच्या दोरीला काय म्हणतात ते त्यानं बाईंना दिलं होतं. हातातलं काम थांबवून त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं. "आमच्या हातच्या गादीवर गावं झोपली, ताई. कुनाला आमचं नाव ठावं न्हाई. बाईंनी लिव्हलं तवा मी घरात सगळ्यांस्नी बोलावून सांगिटलं. आता काय सांगू त्यास्नी? एका पोरीनं खोडलं म्हनू?" मी होय म्हटलं. "मंग घाल परत," तो ओरडला. "आन् ह्या टायमाला बापाचं नावबी घाल!" बापाचं नाव घालून कार्ड वाचून होईपर्यंत बाईंनी नेहमीप्रमाणे चहाला हात लावला नाही.

मेढ्याच्या वरच्या वाडीत सांगणारा म्हातारा वारला होता. त्याच्या सुनेनं कार्ड पालथं करून अंगठ्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "ह्यो आबांचाच न्हवं?" बाई हो म्हणाल्या. तिनं कार्ड बराच वेळ सोडलं नाही. ती चढण उतरताना बाईंना तीनदा बसावं लागलं. मी डॉक्टरांचं नाव काढलं तर म्हणाल्या, "डबं रिकामं होऊ दे."

गावाहून आलं की सोमवारी मी नावं तक्त्यात घालायचे. त्यासाठी नवा रकाना मी कुणालाही न विचारता काढला, आणि दर्जाचा रकाना पुसून टाकला, तोही न विचारता. कार्यवाह आकडा सोडून दुसरं काही बघत नव्हते, त्यामुळं त्यांना पत्ताच नव्हता. तो लागला अमेरिकेतल्या एका गृहस्थांच्या पत्रानं. कोशात आपल्या गावच्या सुताराचं नाव वाचून ते रडले होते. मला वाटलं, आता आपली उचलबांगडी. तर कार्यवाहांनी ते पत्र चौकटीत लावलं आणि पुढच्या सभेत सांगितलं की, कोशाला मानवी चेहरा द्यायचा ही त्यांची पहिल्यापासूनची कल्पना होती. बाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासमोर शिवी हासडतील असं वाटलं. पण म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. नावं ऱ्हायली न्हवं?" मला नाही तसं सोडता आलं. अजूनही नाही.

एका घरी मात्र आम्ही गेलो नव्हतो. कडेगावला बाईंच्या दारापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर आनसाबाई राहायची. मी दर वेळी विचारायचे आणि दर वेळी बाई दुसराच डबा उघडायच्या. शेवटी एकदा म्हणाल्या, "तिच्याकडं आखरीला जाऊ. काय चुकलं का म्हणून इचारलं तिनं. तिच्याम्होरं उभं ऱ्हायची माझी छाती होत न्हाई." कान तुटका कप शांतपणे ओट्यावर ठेवणारी ही बाई भांगलणाऱ्या म्हातारीच्या एका प्रश्नाला घाबरत होती.

मिरजेच्या दवाखान्यात बाई चार दिवस होत्या. शेवटी शेवटी त्यांना बोलायलाही धाप लागायची. मी हात धरून बसले होते. मला बरं वाटावं असं काही त्या बोलल्या नाहीत. "किती ऱ्हायली?" म्हणाल्या. मी म्हटलं, एकच. त्यांनी डोळे मिटले. शोकसभेत कार्यवाह बाईंनी शब्दांना घर दिलं वगैरे बोलायला लागले, आणि मी उठून बाहेर आले.

त्यानंतरच्या रविवारी मी एकटीच कडेगावला गेले. पिशवी बाईंची, पॅड बाईंचा. आनसाबाई उसात भांगलत होती, दोन्ही बाजूला दुसऱ्या बायका. मी बांधावरून तिच्या पातीला लागून चालत राहिले आणि सांगितलं, "मावशी, तुमचं काही चुकलं नव्हतं. शब्द बरोबर होता. तुमचं नाव मी काढलं."

खुरपं थांबलं नाही. "बाई कुटं हायत?"

"बाई गेल्या, मावशी."

मग थांबलं. ती मातीतच बसली. शेजारच्या बायका पुढं सरकल्या, एकीनं हिच्या पातीतलंही तण उपटत नेलं. खुरपं मांडीवर ठेवून आनसाबाईनं विचारलं, "मला सांगाया का आल्या न्हाईत त्या?"

"तुमच्यासमोर यायला त्या घाबरत होत्या."

तिनं पदरानं तोंड पुसलं. मी कार्ड काढलं, वाचून दाखवलं, आणि पॅड उघडून विचारलं, "नाव परत घालू का?"

"नगं."

"का, मावशी? सगळ्यांची घातली. आता कुणी काढणार नाही."

"बाई व्हत्या, तवासुदीक माजं नाव ऱ्हायलं न्हाई," आनसाबाई म्हणाली आणि खुरपं घेऊन उठली. "आता बाईच न्हाईत. आता कुनाच्या भरवशावर ठिवू?"

मी पॅड मिटला आणि बाईंनी सांगितलं होतं तशी गप माघारी आले. त्या शब्दापुढची जागा मोकळी आहे. अधूनमधून कुणीतरी परदेशातून कळवतं की, 'पात' या शब्दाखाली नाव राहून गेलंय, काही चूक दिसते. मी प्रत्येकाला उत्तर लिहिते, राहून गेलेलं नाही, मी काढलं होतं.